कमळाकरनं वाचलेला आहेर

गव्हाणचा कमळाकर म्हंजे वाचनारा मानूस. आळीत कोनाला कागद आला का तो घेऊन सरळ कमळाकरकडं. लायटीचं बिल, सातबारा, कोर्टाची नोटीस, सगळं तो ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचा. हळदीला माइकवर आहेरपन तोच वाचायचा. "मामाकडनं पाचशे एक!" असा काय गळा काढायचा का देनाऱ्याची छाती फुगायची.

कामाला होता उरनच्या वाटेवर, कंटेनरच्या यार्डात, क्रेनवर. जुने कायम गडी, पगार चांगले. पन त्यांची एक रीत होती. वरसाचा पगार पावनेतेरा लाखाच्या आत ऱ्हायला तर टॅक्स नाय, जरा वर गेला का वरचा सगळा पैसा टॅक्समदीच जायचा. म्हनून दिवाळी झाली का सगळे ओव्हरटाइमला नाय बोलायचे. सायेब सत्यजीत डोकं आपटायचा, गडी हलायचे नाय.

अशात कमळाकरच्या मोबाइलवर बातमी आली, ओव्हरटाइमच्या पैशाला टॅक्स माफ. खाली बक्कळ लिवलेलं. यानं वरचीच ओळ वाचली, आनि कँटीनमदी बाकावर उभा ऱ्हाऊन सगळ्यांना वाचून दाखवली, आहेर वाचतो तशी.

"नक्की ना दादूस?" शिवानं इचारलं. शिवा नेऱ्याचा, त्याचा लंगोटीयार. "माजी आय खाटेवर हाय. रविवारचाच मी तिच्यापाशी बसतो. पैसा तिलाच लागतो, पन…"

"आरं, मी वाचतोय ना! मी कवा खोटं वाचलंय?"

सत्यजीत दारात उभा होता. त्याला खरं काय ते ठावं होतं. तो हासला, आनि आत जाऊन रविवारच्या ओव्हरटाइमची यादी घेऊन आला. तीस गड्यांनी सह्या केल्या. पयली सही शिवाची.

अकरा जानेवारीला, रविवारी, शिवाची आय हौसा गेली. शिवा वर क्रेनच्या केबिनमदी, फोन खाली कपाटात कुलपात. घरच्यांनी फोन करकरून शेवटी तिरडी उचलली. शिवा नेऱ्याला पोचला तवा राखपन निवत आली होती.

मार्चाची पगाराची चिठ्ठी हातात पडली, सगळ्या वरसाचा हिशोब लिवलेली. जेवढा ओव्हरटाइम, तेवढाच टॅक्स. रविवार सगळे फुकट गेले.

गडी सत्यजीतकडं धावले. तो बोलला, "ती बातमी अमेरिकेची होती हो. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुमच्यात वाचणारे आहेत ना?"

कोनी कमळाकरला शिवी दिली नाय. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो बसला का बाकीचे डबे उचलून दुसऱ्या बाकावर जायचे. माफी मागायला तो नारळ घेऊन नेऱ्याला गेला. दारात शिवाच्या चपला होत्या, नि बायको बोलली, "घरी नाय."

मे मयन्यात कमळाकरच्या पोरीची, प्राचीची हळद आली. हळदीला संगतीचे गडी आले नाय तर बापाला तोंड दाखवायला जागा नाय. कमळाकरनं तीसही घरी जाऊन आमंत्रनं दिली. बायको भामा धीर द्यायची, "येतील हो. हळदीला कोन राग धरतो?"

मांडवात पयल्या रांगेच्या तीस खुर्च्या राखून ठेवल्या. दिवेलागन झाली. बायका आल्या, पाव्हने आले, मटनाची टोपं उतरली. खुर्च्या तशाच.

मग शिवा आला. एकटाच, धुतलेला शर्ट, हातात पिशवी. कमळाकरचे डोळे भरले.

"आलास भावा!"

"सगळ्यांचा आहेर आनलाय. तीस पाकिटं हायेत," शिवा बोलला आनि माइक त्याच्या हातात दिला. "वाच."

कमळाकरनं गळा साफ केला, पयल्या पाकिटावरचं नाव वाचलं. "आनंदाकडनं…" पाकीट फोडलं. आत नोट नाय, मार्चाची चिठ्ठी. माइक चालूच. बाजा थांबला.

"वाच ना दादूस. तूच वाचनारा ना?"

"ओव्हरटाइम बावन्न हजार," कमळाकर बोलला. "टॅक्स… बावन्न हजार."

"आजून एकोनतीस हायेत."

पाव्हने खाली बघत बसले. पाटावर प्राचीची हळद सुकत चालली. भामा माइक घ्यायला उठली, शिवानं नुसता हात आडवा केला. कमळाकर एकेक फोडत गेला, वाचत गेला. शेवटचं पाकीट शिवाचं. त्यात पगाराची चिठ्ठी नव्हती, हजेरीचा कागद होता.

"रविवार, अकरा जानेवारी," कमळाकरनं वाचलं. त्याला तारीख कळली, तरी तोंड थांबलं नाय. "शिवा. हजर."

शिवानं बोटभर हळद प्राचीच्या गालाला लावली. "सुखी ऱ्हा बाय," बोलला, आनि न जेवता निघून गेला.