साडेसातच्या मालिकेतला जिना

मी मालिका बघतो. घरातल्या बायकांच्या बरोबरीने सतरंजीवर बसून बघतो. पुष्कळ पुरुष दारात उभं राहून, हातात पेपर धरून बघतात आणि विचारलं की म्हणतात, काय चाललंय कुणाला माहीत. मला तसं जमत नाही. मी एका फौंड्रीत हिशेबाचं काम करतो. ओतलेला माल किती आणि त्यातला भंगारात किती गेला, हे दिवसभर जुळवल्यावर संध्याकाळी कुणाच्या घरात कुणाचं जुळत नाही ते बघायला मला आवडतं. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

संध्याकाळी म्हशीचं ताजं दूध प्यायला आम्ही ज्या दूधकट्ट्यावर जमतो, तिथं यावरून माझी थट्टा चालते. "काय सायेब, आज लवकर? सिरेल हाय व्हय?" "दूध पिऊन ताकद आणतोय, मग घरात बसून सुनेसाठी रडणार." मी एकदा सांगून टाकलं, "तुम्ही क्रिकेट बघून टीव्हीला शिव्या देताय, ते चालतंय. मी बघून गप बसतोय, ते चालत न्हाय?" तेव्हापासून थट्टा थांबली नाही, पण दूध पिताना माझ्यासाठी जागा ठेवतात.

साडेसातची मालिका कोल्हापुरातली आहे. म्हणजे मालिकावाल्यांच्या कोल्हापुरातली, आमच्या नव्हे. तिथं माणसं घरात फेटा बांधून बसतात आणि सकाळी सकाळी तांबडा रस्सा पितात. धाकटी सून गरोदर राहिल्यापासून दोन दिवाळ्या येऊन गेल्या. हे सगळं मला दिसतं. तरी मी बघतो, कारण त्या घरात एक थोरली जाऊ आहे. नवरा गेल्यापासून स्वयंपाकघरात असते, कार्य असलं की बाहेर येत नाही. ते काम करणारी बाई फार बोलत नाही, पण हातातलं भांडं ज्या रीतीने खाली ठेवते, त्यात सगळं कळतं.

आमच्याही घरात थोरली जाऊ आहे. माझी वहिनी. भाऊ गेला तेव्हा माझी मुलगी बालवाडीत जात होती. वहिनीला मूल नाही. मुलीची वेणी, डबा, तापातली जागरणं हे सगळं निम्म्याहून जास्त वहिनीनं केलं. गल्लीत हळदीकुंकू असलं की वाटली डाळ वहिनी करून देते, आणि बायका घरी गेल्या की मग बाहेर येते. बाहेर येऊ नको असं तिला कुणी सांगितलं नाही. ये असंही कुणी सांगितलं नाही, आणि त्या कुणीमध्ये मीही आहे.

मागच्या महिन्यात मुलगी सातवा लागल्यावर माहेरी आली. डोहाळजेवण आमच्याकडे करायचं ठरलं होतं. नेमकं त्याच आठवड्यात मालिकेतल्या धाकट्या सुनेचंही डोहाळजेवण आलं. सोमवारच्या भागात ती झोपाळ्यावरून उठली, स्वयंपाकघरात गेली, थोरल्या जावेला हाताला धरून बाहेर घेऊन आली आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाली, पहिली ओटी हिनंच भरायची. वहिनी भिंतीला टेकून पावटा सोलत होती. तिचे हात थांबले. मुलगी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "मोठी आई, माझी पण पहिली ओटी तूच भरायची."

"गप बस," वहिनी म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी मी मंडईत निघालो तेव्हा दारात येऊन म्हणाली, "भावजी, नारळ जरा चांगला बघून आणा. शेंडीचा."

तो आठवडा माझा फार चांगला गेला. मालिका लिहिणाऱ्यांबद्दल मी कट्ट्यावरसुद्धा चांगलं बोललो. मग शनिवारचा भाग आला. एक तासाचा विशेष भाग होता. धाकटी सून जिन्यावरून पडली. बांगड्या फुटल्या, वाजवायचं ते सगळं वाजलं, आणि घरातली आत्याबाई म्हणाली, "पांढऱ्या कपाळाची ओटी घेतलीस, आता भोग." यावर त्या भरल्या घरात कुणी एक शब्द बोललं नाही. तिथंच भाग संपला.

आम्हीही कुणी बोललो नाही. वहिनी पावट्याची सालं उचलून आत गेली.

रविवारी सकाळी विहीणबाईंचा फोन आला. त्या पन्हाळ्याकडच्या, मोकळ्या स्वभावाच्या, मालिकेचा एक भाग न चुकवणाऱ्या. पहिली ओटी वहिनी भरणार हे मुलीनं त्यांना आधीच सांगितलं होतं. बायकोनं फोन स्पीकरवर टाकला.

"काल बघितलासा न्हवं?"

"बघितलं की."

"आमचं काय म्हणणं न्हाय. पण पोरगी पहिलटकरीण हाय. पाच सवासणी आमच्याकडनंच आणतो, म्हणजे तुमाला बघायला नको."

"बरं," बायको म्हणाली आणि फोन ठेवला. मी तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, "अहो, खोटं असतंय ते मला कळतंय. पण मनात आलं ते आलं. आता काय करू?"

वहिनीनं आतून सगळं ऐकलं होतं. नारळ देव्हाऱ्यासमोर ठेवून आली. "मी सैपाकाचं बघते. एवढ्या माणसांचं जेवण, आत कुणीतरी पाहिजेच."

"टीव्हीतल्या पोरीमुळं?" मी विचारलं.

"पोरीमुळं न्हाय, भावजी. उद्या हिला साधी ठेच लागली तरी सगळ्या माझ्याकडं बघणार. तसं बघणं एकदा सोसलंय, तुमचे भाऊ गेले तवा. परत न्हाय."

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. कामावर एखादा आकडा चुकला असं वाटलं, की मी मागच्या महिन्यांचे आकडे काढतो. त्याच सवयीनं मी त्या जिन्याचा विचार करू लागलो. त्या जिन्यावरून आजवर कोण कोण पडलं? आधी आजोबा पडले, मृत्युपत्राच्या वेळी. मग धाकटी सूनच, लग्नाआधी, आणि तिची स्मृती गेली. मग एक सावत्र दीर. आणि मधली सून. ती पण पडली होती, आणि तीही गरोदर असताना. मी उठून आत गेलो आणि बायकोच्या फोनवरून, स्पीकर चालू ठेवून, विहीणबाईंना फोन लावला.

"विहीणबाई, एक विचारायचं होतं. मागं मधली सून जिन्यावरनं पडली, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? आमी दोन दिस नीट जेवलो न्हाय."

"तिची पहिली ओटी कुणी भरलेली?"

"थांबा हं," विहीणबाई म्हणाल्या. त्या खरोखर आठवत होत्या. चाहता असला की असा विचारलेला प्रश्न टाळता येत नाही.

"आत्याबाईनं," त्या म्हणाल्या. "मोठं ठसठशीत कुंकू लावून."

"म्हणजे सवाष्णीनं भरली तरी पडली."

"पडली की."

"मग?"

"मग त्या जिन्यालाच कायतरी झालंय म्हणायचं," विहीणबाई म्हणाल्या आणि मोठ्यानं हसल्या. "तुमच्या घराला जिना न्हाय न्हवं?"

"आमचं घर बैठं."

"मग भरू दे की तुमच्या वहिनीला. मी कोण सांगणारी?"

बायकोही हसली. मला वाटलं, मिटलं. पण वहिनी हसली नाही. "हसून झालं तुमचं. बाकीच्या बघणार त्या बघणारच."

"बघू देत. मी तुमच्या शेजारी उभा राहतो. माझ्याकडं पण बघू देत."

"बायकांच्यात? ओटी भरताना?"

"सिरेल बघताना बसतो तसाच."

ती पीठ मळायला लागली.

डोहाळजेवणाच्या दिवशी मी तबक धरून उभा राहिलो. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एक म्हणाली, "पावणं, तुमची ओटी कितव्या महिन्यात?" मी म्हटलं, "तुम्ही तारीख काढा, मी नारळ आणतो." पाच सवासणी पुढे झाल्या, पण मुलीनं पदर पसरला नाही. हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि हात मांडीवर तसेच. "आधी मोठी आई," म्हणाली.

तसा हा मालिकेतलाच प्रसंग होता. फरक इतकाच की मागं संगीत नव्हतं, आत मिक्सर चालू होता. तो बंद झाला. वहिनी ओले हात पुसत दारात आली. "काय नाटक लावलंय गं सगळ्यांत?"

"पाय दुखतायत माझे. लवकर भर," मुलगी म्हणाली.

वहिनी जागची हलली नाही. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा विहीणबाईंकडे. विहीणबाई म्हणाल्या, "व्हा की पुढं. भात गार होतोय." मग ती आली. तबकातले खण, नारळ आणि तांदूळ तिनं मुलीच्या पदरात घातले. थोडे तांदूळ खाली सांडले. मागं कुणीतरी काहीतरी कुजबुजलं. मी मान वळवून बघितलं, आणि ते थांबेपर्यंत बघत राहिलो. दुसरी ओटी विहीणबाईंनी भरली.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर आम्ही मालिका लावली. धाकटी सून दवाखान्यात होती, डॉक्टर काच असलेल्या दारातून बाहेर येऊन मान हलवत होते. बायकोनं माझ्याकडे बघितलं. वहिनी पाय पसरून बसली होती. म्हणाली, "वाचंल ती. जाहिराती किती हायत बघा अजून."

हे मी मुद्दाम आत्ता लिहितो आहे. मुलीला आठवा लागला आहे. तिचं रक्त थोडं कमी आहे, आणि ते ओटीच्या आधीच्या तपासणीतही कमीच होतं, रिपोर्ट घरात आहे, कुणाला बघायचा असेल तर दाखवीन. पुढं काय होईल ते मला माहीत नाही. सगळं नीट झाल्यावर लिहिलं असतं, तर निकाल बघून लिहिलं असं म्हणायला लोक मोकळे होते. काही कमीजास्त झालं, तर त्याचं कारण डॉक्टर सांगतील. माझ्या वहिनीकडे कुणी बघायचं नाही. ज्यांना बघायचंच आहे, त्यांनी साडेसातला टीव्हीकडे बघावं. मीही तिथंच बसलेला असतो.