चिंचेरोचे कंडक्टर

काकाजींनी राज्याची सीमा कधी ओलांडली नव्हती. परंतु पेरू देशातील अँडीज पर्वतावरचे चिंचेरो हे लहानसे गाव ते थांब्यांसकट सांगत. एस.टी.तून निवृत्त झालेले हे कंडक्टर काटोलहून नागपूरच्या कचेरीसमोर माझ्या अर्जनविशीच्या टेबलाशी येत, तेव्हा प्रथम त्या गावाचा वृत्तांत होई, नंतर काम. त्यांची एकुलती कन्या तेथे बटाट्याच्या वाणांचा अभ्यास करी, जावई तिथलाच.

“पयला थांबा, राजाचा महाल. मंग गोरे आले. त्यायले दाणा भेटू नये म्हून राजाच्याच वंशातल्यानं गाव जाळलं. गोऱ्यायनं त्याच भितींवर चर्च बांधलं. पण खालच्या भिती अजून राजाच्याच हायेत बरं!”

शेजारच्या टेबलावरचे अर्जनवीस डिवचत, “काकाजी, चिंचेरोले चिंचा तरी हायेत का?”

“चिंचा नाही गा, आलू! थंडीत गोठवतात, पायानं तुडवतात, वाळवतात. वर्षानुवर्षं टिकते. अन् बाया चालता चालता लोकर कातत राह्यतात. भांडतानीबी हात थांबत नाही.”

कन्येचे पहिले बाळंतपण जवळ आले. आई हयात नव्हती, म्हणून काकाजींनी जायचे ठरवले. शाळेचा दाखला व आधारकार्ड यांवरील जन्मतारखांत तफावत होती. मी असे शपथपत्र सिद्ध केले की पासपोर्ट विनातक्रार हाती आला. मात्र धंतोलीतील डॉक्टरांनी तपासून सांगितले, बारा हजार फुटांवर हे हृदय साथ देणार नाही.

काकाजी तडक माझ्याकडे आले. “लिवा साहेब, पासपोर्टचा अर्ज नामंजूर झाला.”

“माझा अर्ज? नामंजूर? काकाजी, पासपोर्ट तुमच्या खिशात आहे!”

“दिलाचं सांगतलं तर पोटुशी पोरगी विमानात बसन. कचेरीचं सांगतलं तर शिव्या देऊन घरीच राह्यन. छापील कागद पाह्यला का तिले पटते.”

मी नामंजुरीचे पत्र टंकलिखित केले. त्यांनी मोबाईलवर फोटो पाठवला. थोड्याच वेळात आलेले उत्तर त्यांनी मान खाली घालून वाचले: “बाबा, अर्ज कोण्या अडाण्यानं लिहिला होता?”

“तिचे म्हणणे रास्त आहे,” मी म्हणालो. “कळवा माझे नाव.” काकाजींनी कळवले.

नातू दोन महिन्यांचा झाला आणि काकाजी वारले. कन्या बाळाला घेऊन आली. कचेरीसमोर तिने माझ्या नावाची पाटी वाचली आणि वारसाचा अर्ज शेजारच्या टेबलावर लिहून घेतला.