लेकीला ताप आहे, साहेब

नांदेडच्या कोर्टात माझा बांधाचा दावा होता. समोरच्या पार्टीचा वकील उठला. झुपकेदार मिशा, पहिलवानी मान. म्हणाला, "साहेब, पुढची तारीख द्या. लेकीला ताप आहे, बायको ड्युटीवर गेलीय. घरी मला थांबायचंय."

मागचे वकील फिदीफिदी हसले. एकजण कुजबुजला, "अहो, मामा वारला म्हणायचं! बाईवाणी काय सांगून राहिले?"

तो गर्रकन वळला अन् मोठ्यानं बोलला, "तुमचे मामे दर महिन्याला मरतात, तवा कोणी हसत न्हाई. माझी जित्ती लेक सांभाळायची मला लाज वाटावी व्हय?"

साहेबांनी तारीख दिली. माझी किनवटहून मारलेली खेप वाया गेली. कोर्टात फक्त जजसाहेबांसाठी उठतात. तो वकील निघाला तेव्हा मी उठलो, मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असा.