नीमा नांदेडला राहत नाही, हे सांगायला नांदेडला

लातूरहून नांदेडला लोक गुरुद्वारा बघायला जातात, नातेवाइकांकडे जातात. आम्ही दोघी गेलो, ते नीमा तिथं राहत नाही हे सिद्ध करायला.

नीमा टांझानियाची. आमच्या लातूरच्या कॉलेजात एक्स्चेंजवर वर्षभरासाठी आलेली, डाळींवरची प्रक्रिया शिकायला. मी इंग्रजी शिकवते, म्हणून परदेशी विद्यार्थ्यांचं काम माझ्याकडे. इंग्रजी येणाऱ्याला व्हिसाचे नियम आपोआप कळतात, अशी प्राचार्यांची श्रद्धा. नियम असा, की आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी हवी. बाराव्या दिवशी नांदेडच्या परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयातून निरोप आला: ‘नांदेडच्या वसतिगृहात विद्यार्थिनी आढळली नाही.’ आढळेल कशी? ती लातूरच्या वसतिगृहात वरणभात खात होती. फॉर्मवर आमच्याच संस्थेच्या नांदेड वसतिगृहाचा पत्ता पडला होता. फॉर्म क्लार्कनंच भरला असणार असं धरून प्राचार्यांनी वाघमारेकाकांना सगळ्यांसमोर झापलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

तेराव्या दिवशी सकाळी सातची एसटी पकडली. अहमदपूर, लोहा करत साडेतीन तास लागतात. उजवीकडे बसू नका, ऊन येतं. कंडक्टरनं नीमाकडं एकदा बघितलं. “बाईच हाय ना? मग हाफ तिकीट.” इतक्या झटपट निर्णय देणारा अधिकारी मला त्या पंधरवड्यात दुसरा भेटला नाही. अहमदपूरला मिरचीभजी जरूर खा. नीमानं चार खाल्ली, मी दोनातच रडले.

नांदेडच्या नोंदणी कार्यालयातल्या साहेबांनी चष्मा लावला.

“रेकॉर्डला ही नांदेडात राहती.”

“नाही साहेब, लातूरला.”

“मग हितं काय करून राहिली?”

“इथं राहत नाही, हे सांगायला आलीय.”

साहेबांना ते पटलं असावं. “उद्यापत्तुर दुरुस्ती न्हाई झाली तर पोरीचं राहणं नियमाबाहेर जातंय. चूक कुणाची, त्याचं पत्र आणलं का?”

आणलं होतं. प्राचार्यांचं, ‘लिपिक वाघमारे यांच्या निष्काळजीपणामुळे’ असं सुरू होणारं. साहेबांनी ते वाचलं, मग फॉर्म उलटला.

“ही सही वाघमाऱ्यांची हाय का?”

नीमा माझ्याकडं बघत होती.

“माझी,” मी म्हणाले.

मागच्या वर्षीची मुलगी नांदेडला राहायची. मी तिचाच फॉर्म उतरवून काढला होता, पत्त्यासकट. तिथंच बसून माझ्या नावानं नवं पत्र लिहिलं. चारपर्यंत नोंद लातूरला वळली. साहेब भला माणूस, त्यांनी वर चहाही पाजला.

परतीच्या गाडीत मी नीमाची माफी मागितली. ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, सही मी पहिल्याच दिवशी वाचली होती.”

“मग बोलली का नाहीस?”

“माझं इथलं राहणं तुमच्याच सहीवर आहे ना.”

लोह्यापासून लातूरपर्यंत रस्ता चांगला आहे म्हणतात. माझं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत, त्याच सगळ्या लोकांसमोर, खरं सांगितलं. मला कुणी झापलं नाही. “होतं असं कधीकधी,” प्राचार्य म्हणाले. वाघमारेकाका उठून निघून गेले.

आता पंधरा दिवस झालेत. नीमाची नोंदणी पक्की झाली. वाघमारेकाका माझ्याशी अजून बोलत नाहीत. नीमा बोलते, अगदी अदबीनं बोलते. तेच जास्त लागतं.