हिरव्या गुलाची काडी

ये गं, अशी जवळ सरक. पारनेरात राहतेस आणि माझ्या दारावरून मान खाली घालून जातेस, हे काही बरं नाही. आईनेच सांगितलं असेल, त्या बाईकडं जाऊ नको म्हणून. तिचं काही चुकलं नाही.

परवा कारखान्यातून एक साहेब आले, पेढे घेऊन. पुडा बघूनच मला शंका आली. इतकी वर्षं कुणी फिरकलं नाही, आता कशाला?

"आजी, कंपनीचा इतिहास छापतोय. जुन्या बायकांच्या सह्या हव्यात."

"आधी वाचून दाखवा," म्हटलं.

सुरुवातीचं खरं होतं. माळावरची पत्र्याची शेड, आधी नुसत्या काडेपेट्या, मग शेजारच्या शेडमध्ये फुलबाज्या, भुईनळे. आत जाताना फाटकावर आमचे पदर झटकून बघायचे, तेही लिहिलेलं. पुढं मात्र होतं, 'एका कामगार बाईने शोभेच्या दारूच्या शेडमध्ये बाहेरून काडी आणली, कंपनीच्या दक्षतेने अनर्थ टळला.'

ती बाई म्हणजे तुझी आई.

काडी तिच्या पाटाखाली सापडली होती. ती मिसरी लावायची, मिसरी भाजायला जाळ लागतो, म्हणजे काडी तिचीच, असं सगळ्यांनी ठरवलं. मुकादमाने मला विचारलं. मी म्हणाले, "मिसरी तर तीच लावती." एवढंच. तिला लगेच काढलं. जाताना माझ्यापाशी थांबली. "तुला तरी ठावं हाय ना, मी न्हाई ते?" मी पदर सावरत बसले.

घरी येऊन लुगड्याचा ओचा झटकला, तर तीन काड्या पडल्या. हिरव्या गुलाच्या, म्हणजे टोकाला हिरवा मसाला लावलेल्या. हिरवा गूल आमच्याकडं त्याच सकाळी पहिल्यांदा लावला होता, एकही पेटी अजून बाहेर गेली नव्हती. पाटाखालची काडीही हिरवीच. सकाळी मी पेट्या भरल्या, दुपारी मला तुझ्या आईशेजारी फुलबाज्या बांधायला बसवलं. दोन शेडच्या मध्ये झडती नव्हती.

काम जाईल म्हणून मी गप्प राहिले. तेव्हापासून कुणी माझ्याकडं बघून हसलं, तरी वाटायचं, हिला कळलंय.

साहेबांना म्हटलं, "काडी माझी होती. तसं लिहा, मग सही करते."

"जाऊ द्या आजी, आता कशाला?"

"मग पेढे कशाला आणले?"

मजकूर बदलून आणतो म्हणून गेले. माझा विश्वास नाही. पुडा तसाच बांधलेला आहे. म्हणून मीच हे वहीत लिहिलंय. आईला वाचून दाखव. शिव्या द्यायच्या असतील तर इथं माझ्या ओट्यावर बसून देऊ दे. तिचे गुडघे दुखतात म्हणे, रिक्षाने आण. पण लवकर या गं.