चेक प्लॉटची कंबर

गोडाऊनमध्ये माल उरला तर सीझन संपल्यावर तो कुठंतरी परत पाठवता येतो. किश्श्यांचं तसं होत नाही. ते एकदा साठायला लागले की परत घेणारा कोणी नसतो! नव्वदच्या दशकात मी नवीन जालन्यात, स्टेशनकडच्या एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात होतो. तिथला माझा स्टॉक अजून संपलेला नाही. आज फक्त कंबरेचा लॉट काढतो.

कंबरेचाच का? तर ऑफिसात आम्ही चारजण आणि चौघांच्याही कंबरा गेलेल्या. जाधव, मी आणि भानुदास काकडे मोटरसायकलवर गावोगाव डीलरांकडं फिरायचो. अंबड-घनसावंगीकडचे रस्ते असे, की खड्डा चुकवला तर त्याचा भाऊ गाठायचा. अकाउंटंट गोरे कुठंच जायचे नाहीत, त्यांची खुर्चीवर बसून गेली. पाचवे मॅनेजर सबनीस साहेब. त्यांची कंबर ठणठणीत होती, कारण कंपनीची जीप त्यांच्याकडं होती.

*

जाधव जालन्यातल्या एका डॉक्टरांकडं गेला. ते म्हणाले, "पालथे झोपा, हातांवर जोर देऊन छाती उचला. पुढं वाकायचं बिलकुल नाही!"

गोरे औरंगाबादला दुसऱ्या डॉक्टरांकडं गेले. ते म्हणाले, "उताणे झोपा, गुडघे छातीशी घ्या. मागं वाकायचं बिलकुल नाही!"

दोघांनाही थोडा आराम पडला. त्यामुळं दोघांचीही खात्री पटली, की समोरचा आता लवकरच लोळागोळा होणार.

दुपारच्या सुट्टीत गोडाऊनमध्ये एकच सतरंजी अंथरलेली असायची. तिच्यावर एका टोकाला पालथा जाधव, दुसऱ्या टोकाला उताणे गोरे. दोघं कण्हत-कुंथत आपापला व्यायाम करायचे. एक दिवस बियाण्याला औषध लावायचं काम चाललं होतं, सगळीकडं उग्र वास. तेवढ्यात घनसावंगीकडचा एक डीलर आत आला. त्यानं हे दोघं पाहिले, वास घेतला आणि बोंबललाच, "अरे पळा! औषध चढलं ह्यांला!"

पुढचं जल्दी झालं. तो मिठाच्या पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि गोऱ्यांच्या छातीवर बसून त्यांना पाजून मोकळा झाला. गोऱ्यांनी सकाळचा नाश्ता सगळ्यांना दाखवला! आता आपली पाळी, हे बघून जाधव उठला आणि पोत्यांच्या थप्प्यांमधून वाकून पळाला.

गोऱ्यांनी तोंड पुसलं आणि पहिलं वाक्य बोलले, "वाकलास ना पुढं? मोडला का मणका?"

*

माझी तऱ्हा वेगळी. स्टेशन रोडला नुकत्याच एक फिजिओथेरपिस्ट मॅडम आल्या होत्या. गाव त्यांना 'शेकवाल्या मॅडम' म्हणायचं. मी शेक घ्यायला गेलो, तर त्यांनी शेक दिलाच नाही. म्हणाल्या, "काका, बेंबी आत ओढा. पाठीच्या मणक्याकडं. आणि श्वास चालू ठेवा. बसता-उठता, बोलताना, गाडीवर, सगळीकडं."

मला काका म्हणाल्या त्याचं आधी दुःख झालं. मग बेंबी ओढली.

दुसऱ्याच दिवशी अंबडला एका डीलरसमोर मी बेंबी ओढून बसलो. बेंबी आत गेली की माझा आवाज बारीक व्हायचा आणि चेहऱ्यावर आतलं काही दाबून धरल्यासारखं दिसायचं. मी म्हणालो, "माल भरपूर आहे, काळजी नको."

डीलर माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "साहेब, तुम्ही काही लपवून राह्यले. माल शॉर्ट हाय ना यंदा?"

"नाही हो," मी आणखी बारीक आवाजात म्हणालो.

त्यानं तिथल्या तिथं डबल बुकिंग केलं! पुढं हीच गोष्ट आणखी तीन-चार दुकानांत झाली. सबनीस साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "ह्यांचा एरिया एवढा वर कसा?" मी काय सांगणार? बेंबी सांगितली असती तर साहेबांनी सगळ्या स्टाफला लावली असती.

*

तरी शेवटी लावलीच! सबनीस साहेब कृषी विद्यापीठात शिकलेले. जगातल्या कुठल्याही भांडणावर त्यांच्याकडं एकच उपाय होता, ट्रायल घ्या. दोन वाण शेजारी-शेजारी पेरा आणि बघा. जाधव-गोऱ्यांच्या रोजच्या कटकटीला कंटाळून त्यांनी दिवाळीनंतर कंबरेची ट्रायल लावली. जाधवचा प्लॉट मागं वाकायचा, गोऱ्यांचा पुढं वाकायचा, माझा बेंबीचा, कारण तोवर ती ऑफिसभर फुटली होती.

"आणि भानुदास, तू चेक," साहेब म्हणाले.

चेक म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला प्लॉट. साहेबांच्या ह्या ट्रायलमध्ये त्याला काही म्हणजे काहीच द्यायचं नव्हतं.

भानुदासचा चेहरा पडला. हा आमच्यातला सगळ्यात किडकिडीत माणूस, आणि कंबर सगळ्यात जास्त त्याचीच गेलेली. म्हणाला, "साहेब, मला चेक नका करू. वैशाखात भाचीचं लग्न हाय. मला झेंडा नाचवायचाय."

आमच्याकडं लग्नात झेंडा नाचवतात. म्हणजे नवरीला तिचा मामा आणि नवरदेवाला त्याचा मामा खांद्यावर घेतो आणि हलगीवर नाचतो. गुलाल उधळतात. कोणाचा मामा आधी थकतो, ह्यावर दोन्ही मांडवांची इज्जत ठरते!

"सख्खा मामा म्हणून मी एकटाच," भानुदास म्हणाला. "चुलतभाऊ उत्तम आत्तापासूनच म्हणून राह्यला, तुझी कंबर न्हाई चालत, मी घेतो पोरीला. साहेब, ह्या सुनीला मी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली हाय. लग्नात उत्तमच्या खांद्यावर बसंल व्हय ती?"

खरं सांगतो, मला माझा प्लॉट त्याला द्यावासा वाटला.

साहेबांनाही वाईट वाटलं. पण ते हाडाचे ट्रायलवाले. म्हणाले, "तुझं दुःख कळतं रे. पण चेकशिवाय ट्रायल म्हणजे नुसती पेरणी!"

*

झालं उलटंच. संक्रांतीनंतर आम्ही तिघं जेमतेम सुधारलो आणि चेक मात्र तरारून आला! भानुदास शीळ घालत जिना चढायचा.

साहेबांनी जाहीर करून टाकलं, "कंबरेला काहीही करू नका. हाच निष्कर्ष!" गोरे खचले. एवढं मिठाचं पाणी पिऊन हा निष्कर्ष?

पुढच्या आठवड्यात मी सकाळी भानुदासच्या घरी गेल्तो. तर गडी ओसरीवर पालथा पडून जाधवचा व्यायाम करून राह्यला. तो झाला, उताणा होऊन गोऱ्यांचा. मग उभा राहून माझी बेंबी. वर बायकोला म्हणतो, "चहा ठेव, अजून एक राउंड राह्यला."

मी ही बातमी पोटात कशी ठेवणार? तासाभरात साहेबांपर्यंत गेली. साहेब लालेलाल. "भानुदास! तू चेक होतास!"

भानुदास शांतपणे म्हणाला, "साहेब, चार टेबलं तुम्ही चिटकून ठिवली. बियाण्याच्या प्लॉटमधी तर किती अंतर सोडायला लावता! इथं अंतरच न्हाई. आले परागकण उडून!"

साहेबांनी ट्रायल रिजेक्ट केली. पण एक गोष्ट मानली पाहिजे, रिजेक्शनचं कारण त्यांना तांत्रिकदृष्ट्या बराबर वाटलं.

*

आता ह्या सगळ्यात चांगला व्यायाम कुठला, हे विचारायला आम्ही चारही जण शेकवाल्या मॅडमकडं गेलो. जाधवनं मागं वाकून दाखवलं, गोऱ्यांनी पुढं वाकून दाखवलं. मॅडमनी दोघांचं शांतपणे पाहिलं.

"ज्याला जो सोसतो आणि जो तो रोज करतो, तो चांगला," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर गोऱ्यांनी फीची पावती घडी घालून खिशात टाकली. मग म्हणाले, "हे तर माझी बायकोपण म्हणते. पण ती फी घेत नाही."

*

चैत्रात भानुदास गोडाऊनमध्ये प्रॅक्टिसला लागला. ज्वारीच्या बियाण्याचं पोतं खांद्यावर घ्यायचं आणि नाचायचं. जाधव डब्यावर हलगी वाजवायचा, मी "बेंबी! बेंबी!" ओरडायचो. एक दिवस असं रंगात आलं असताना तपासणीचे इन्स्पेक्टर दारात उभे!

"हे काय चाललंय?"

सबनीस साहेबांनी चष्मा पुसला. "जोम तपासतोय, व्हिगर टेस्ट," ते म्हणाले.

इन्स्पेक्टरनी मान डोलावली आणि कोणत्या लॉटची, एवढंच विचारलं.

*

लग्न अंकुशनगरला होतं, भानुदासची बहीण तिथं दिलेली. मेव्हणे तिथल्या साखर कारखान्यात. वैशाख म्हणजे आमचा ऐन सीझन, तरी साहेबांनी ऑफिसला कुलूप लावलं आणि जीपमधून सगळ्यांना नेलं. वहीत 'फील्ड व्हिजिट' लिहिलं.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, ऊन उतरलं आणि हलगी कडाडली. नवरदेवाचा मामा चांगला भरलेला गडी. त्यानं भाच्याला उशी उचलावी तसा खांद्यावर टाकला. इकडं भानुदासनं गुडघे वाकवले, पोट आत ओढलं आणि सुनीला उचललं. सुनी त्याच्यापेक्षा चार बोटं उंच, शेतात राबलेली, दणकट पोरगी. पण उचललं! आम्ही शिट्ट्या मारल्या. साहेबांनी मारली, हे मी स्वतः ऐकलं.

भानुदास नाचला. काय नाचला! त्याची बहीण पदर तोंडाला लावून हसत होती आणि रडत होती. गुलालाच्या ढगात ते किडकिडीत पाय नुसते उडत होते.

आणि मधेच थांबले. भानुदासचा चेहरा पांढराफटक. त्याची कंबर धरली, हे आम्हा तिघांना लांबूनच कळलं, कारण आमच्याही कंबरांत कळ गेली. कडेला उत्तम उभा होता. त्यानं उपरणं कमरेला बांधलं आणि तो पुढं निघाला. भानुदासनं त्याला येताना पाहिलं. ते डोळे मला बघवेनात.

सुनीनंही पाहिलं. ती सरकन खाली उतरली. शालूचा पदर खोचला, हातातला हार आईकडं फेकला आणि कुणाला काही कळायच्या आत मामाला उचलून खांद्यावर घेतलं!

हलगी बंद पडली. मग दुप्पट जोरात सुरू झाली. जाधव ओरडला, "पोरी, मागं वाक!" गोरे ओरडले, "पुढं, पुढं!" मी बेंबी ओरडलो. सुनीनं कोणाचंच ऐकलं नाही, ती सरळ नाचत होती. वर भानुदास गुलालात माखलेला, दोन्ही हात आभाळाकडं, ढसाढसा रडत होता. उत्तम बाजूला उभा राहून उपरणं सोडत होता.

नवरदेवाच्या मामाला हे कसं सहन होणार? त्यानं भाच्याला धपकन खाली ठेवलं, धोतर सावरलं आणि समोर छाती काढून उभा राहिला.

"बघतोस काय? आपली बाजू कमी पडून राह्यली! घे मला!"

नवरदेवानं मामाला खालून वर पाहिलं. पुन्हा वरून खाली पाहिलं. मग तो हळूच नाचणाऱ्या बायकोजवळ गेला आणि तिच्या कानाशी म्हणाला,

"ह्यांनाबी तूच घे."