टँकरच्या दिवशीची गोळी

आमचा लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. दवाखान्यातला कारकून केसपेपरवर छापलेलं जुन्या जिल्ह्याचं नाव पेनानं खोडायचा आणि वर नवं लिहायचा. हे काम तो इतकं मन लावून करायचा की रांगेत उभं राहून माझे पाय दुखून यायचे.

मी नांदेडला कॉलेजात शिकवत होतो. वडील गेल्यावरही आईनं रेणापूरजवळचं आमचं खेडं सोडलं नव्हतं. महिन्यातून एकदा मी पहाटेच्या एसटीनं निघायचो, तिला घ्यायचो आणि लातूरला दाखवायचो. लहानपणी तिला सांधे धरून ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप आकसली होती. पन्नाशीही आली नव्हती, पण चार पावलं चालली की भिंत धरायची. पायावर सूज असायची. डॉक्टरांनी अंगातलं पाणी उतरवायची गोळी दिली होती, रोज सकाळी एक. सूज उतरेना म्हणून दोन केल्या. तरी उतरेना.

त्या खेपेला दवाखान्यात कार्डिओग्रामच्या यंत्राचं उद्घाटन होतं. यंत्राला झेंडूचा हार घातला होता. पाहुणे दोन तास उशिरा आले आणि म्हणाले, आजपासून आपल्या जिल्ह्याचं हृदय धडधडू लागलं. टाळ्या झाल्या. बाकावर बसलेली आई तोंड उघडं टाकून श्वास घेत होती.

"कोण हाय रे हे?" तिनं विचारलं.

"पुढारी."

"त्याला दम लागंना बघ एवढं बोलून."

हार काढल्यावर यंत्रावर तिच्या हृदयाची पट्टी काढली. डॉक्टर पट्टीकडे कमी आणि तिच्या पायांकडे जास्त बघत होते. त्यांनी घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरेना.

मला व्हरांड्यात बाजूला घेऊन ते म्हणाले, "सर, नुसत्या औषधांवर दिवस काढता येतील, वर्षं नाही. मुंबईला झडप मोकळी करून घ्यावी लागेल. पण अंगात एवढं पाणी असताना तिथं भूल द्यायला कुणी धजणार नाही. आणि दोन गोळ्यांनी पाणी हलत नसेल, तर दुखणं हाताबाहेर गेलंय असंच मला धरावं लागेल."

"म्हणजे ऑपरेशन नाही?"

"या अवस्थेत नाही."

मी ग्रंथालयातून या विषयावरची दोन पुस्तकं आणून वाचली होती. झडपेची आकृती मला काढता आली असती. त्या व्हरांड्यात आकृतीचा काही उपयोग नव्हता. मी परत आलो तेव्हा पडद्याआड सिस्टर आईला इंजेक्शन देत होती.

"मावशी, खरं सांगा, गोळ्या रोज घेता का?"

"घेते की. सोमवारी आन् बेस्तरवारी."

"रोज सांगितल्या होत्या ना?"

"टँकर त्याच दिवशी येतो, बाई."

मी बाहेर उभ्या उभ्या तर्क केला: गोळीनं तहान लागत असणार, आणि घरात पाणी नसणार. पुस्तकं वाचणाऱ्याला तर्क लवकर सुचतो. सिस्टरलाही तेच वाटलं असावं. "पाणी पुरत नाही का?" तिनं विचारलं.

"पान्याचं न्हाई. शेजारची सून माझी घागर भरून देती." आईचा आवाज खाली गेला. "ती गोळी घेतली की घडीघडी बाहेर जावं लागतं. अवंदा रानात जवारी न्हाई, तूर न्हाई. उघडं रान. दिवसाढवळ्या बाईनं बसावं कुठं? टँकर आला की सारा गाव हिरीवर असतो. मागल्या अंगाला कुत्रं नसतं."

"मुलाला सांगायचं ना."

"लेकाला काय सांगू? कालिजात शिकवतो त्यो."

मी पडदा सरकवला नाही. दोन वर्षं मी दर महिन्याला तिला विचारत होतो, गोळ्या संपल्या का? त्या उरायच्या, आणि मला वाटायचं, दवाखान्यानं जास्त दिल्या असतील.

सिस्टरनं डॉक्टरांना काय सांगितलं, ठाऊक नाही. त्यांनी दोनाची पुन्हा एक केली आणि मला एवढंच म्हणाले, "पंधरा दिवस आईंना तुमच्याकडे न्या. घरात संडास आहे ना?"

होता. नांदेडच्या माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांमागे, पत्र्याचा, आतून कडी असलेला. आई कुरकुर करत आली. गोळी कुठल्या वारी घ्यायची, हे तिनं विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. सकाळी चहाबरोबर गोळी ठेवायचो आणि कॉलेजला लवकर निघायचो, वर्ग अकराला असला तरी. आठव्या दिवशी तिची जोडवी सैल झाली. बाराव्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या दुकानातून मेथीची जुडी घेऊन आली आणि भिंत न धरता उंबऱ्यात उभी राहिली. दम मात्र लागलेलाच होता.

पंधरा दिवसांनी लातूरला डॉक्टरांनी पाय पाहिले, छाती ऐकली आणि मुंबईच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहायला घेतली. लिहिताना माझ्याकडे बघून बोलत राहिले. सूज उतरलीय. झडप आहे तशीच आहे. आता ऑपरेशन करता येईल, धोका असतोच. नाही केलं तर गोळ्यांवर किती दिवस निघतील, सांगता येत नाही. "तुमचा काय विचार आहे, सर?"

मी तोंड उघडलं.

"त्याला काय इचारता?" आई म्हणाली. "काळीज माझं हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. मग त्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, या वेळी तिला. तिनं मधे तीनदा थांबवून विचारलं. शेवटी म्हणाली, "करा."